स्कूटरला अकरा टक्के, चार कोटींच्या गाडीला साडेसात

आधी तीन हिशोब बघा. तिन्ही महाराष्ट्रातले, १ जुलै २०२५ पासून लागू असलेल्या दरांचे.

एक लाख रुपयांची ११० सीसीची पेट्रोल स्कूटर. मोटार वाहन कर ११ टक्के. म्हणजे ११ हजार रुपये.

चार कोटी रुपयांची, परदेशातून आणलेली गाडी. दर २० टक्के. म्हणजे ८० लाख व्हायला हवेत. पण कराला कमाल मर्यादा आहे ३० लाखांची. म्हणजे प्रत्यक्षात साडेसात टक्के.

बत्तीस लाख रुपयांची इलेक्ट्रिक एसयूव्ही. कर शून्य.

इलेक्ट्रिक स्कूटरलाही कर शून्य आहे, हे मान्य. पण भाड्याच्या खोलीत चौथ्या मजल्यावर राहणारा, पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नसलेला माणूस पेट्रोलचीच स्कूटर घेतो, हेही तितकंच खरं. तोच ११ टक्के भरतो. या राज्यात गाडीवर दोन आकडी टक्क्यांनी कर भरणाऱ्यांत तो आहे आणि सर्वांत कमी टक्क्यांनी भरणाऱ्यांत पार्किंगच्या दोन जागा अडवणारा आहे.

माझी मागणी अशी: हा एकरकमी कर बंद करा. त्याच्या जागी वर्षाचा कर आणा. तो मुख्यतः गाडीच्या वजनावर लावा आणि फार महाग गाड्यांना वरून थोडा लावा. 'वर्षाचा कर' म्हटलं की पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. 'दर वर्षी भरायचा? आता एकदाच भरून सुटतो तेच बरं की!' पण आपण सुटत नाही. आपल्याला एकदाच लुटलं जातं आणि ते लक्षात येऊ नये अशी सोय केलेली असते.

'रोड टॅक्स' नावाचा करच नाही

शोरूममधला माणूस म्हणतो 'रोड टॅक्स', आपणही म्हणतो 'रोड टॅक्स'. मग खड्ड्यात चाक गेलं की ओरडतो, 'रोड टॅक्स कशाला भरतो आम्ही?'

कायद्यात हा शब्द नाही. कायदा आहे १९५८ चा महाराष्ट्र मोटार वाहन कर कायदा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीतल्या ५७ व्या नोंदीने राज्यांना वाहनांवर कर लावायचा अधिकार दिला आहे. हा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जातो. तिथून तो पगाराला जातो, कर्जाच्या व्याजाला जातो, योजनांना जातो आणि उरला तर रस्त्याला. तुमच्या गल्लीतला रस्ता तर बहुतेक महापालिकेचा असतो. तिचा या कराशी थेट संबंध नाही.

पूर्वी या कराला निदान तात्त्विक आधार तरी होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या मोटार कराच्या खटल्यात 'भरपाईचा कर' ही कल्पना मांडली. सरकार रस्ते देतं, वापरणारा त्याचा मोबदला देतो, म्हणून असा कर व्यापाराच्या स्वातंत्र्याआड येत नाही, असा तो विचार. २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने जिंदाल स्टेनलेसच्या खटल्यात हा सिद्धान्त मोडीत काढला. आज कायद्याच्या नजरेत कर म्हणजे कर. त्याच्या बदल्यात रस्ता मागता येत नाही.

ठीक आहे. रस्ता मागता येत नसेल तर निदान न्याय तरी मागू. पण न्याय कोणत्या मापाने? मला दोनच मापं पटतात: तुम्ही रस्त्याचं किती नुकसान करता, आणि तुमची भरायची ऐपत किती आहे. आपला कर पहिलं माप बघतच नाही. दुसरं बघतो, पण ३० लाखांपाशी डोळे मिटतो.

पहिलं माप घेऊ. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा या गावाजवळ एक मोठा प्रयोग झाला. मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून दोन वर्षं ट्रक फिरवले गेले. त्यातून ढोबळ नियम निघाला, तो आजही रस्ते बांधणारे इंजिनिअर वापरतात: रस्त्याचं नुकसान अ‍ॅक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. वजन दुप्पट झालं तर नुकसान सोळा पट.

आता आकडेमोड करा. स्कूटर आणि दोन माणसं मिळून साधारण २५० किलो. दोन अ‍ॅक्सल, प्रत्येकी १२५ किलो. भरलेली मोठी एसयूव्ही २,२०० किलो, प्रत्येक अ‍ॅक्सलवर ११००. प्रमाण झालं ८.८ पट. त्याचा चौथा घात जवळपास ६ हजार. नियम ढोबळ आहे, हलक्या गाड्यांना तो तंतोतंत लागू पडत नाही आणि पावसाळा व ठेकेदार यांचा वाटा वेगळा. तरी दिशा कळते. स्कूटर रस्त्याला ओरखडाही काढत नाही. आणि दहा टनांच्या अ‍ॅक्सलचा ट्रक त्या एसयूव्हीच्याही हजारो पट नुकसान करतो.

म्हणजे स्कूटरवाल्याकडून घेतलेले ११ हजार रस्त्यासाठी नाहीत. तो गाडी घेतोय आणि ती घेतल्याशिवाय त्याला कामावर जाता येत नाही, हे सरकारला ठाऊक आहे. ते ११ हजार त्याचे आहेत.

एअरबॅगवर कर

कर किमतीवर असला की एक विचित्र गोष्ट होते. गाडीची किंमत ज्या-ज्या कारणाने वाढते, त्या प्रत्येक कारणावर कर बसतो.

एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना एबीएस किंवा सीबीएस ब्रेक सक्तीचे झाले. एप्रिल २०२० पासून बीएस-६. त्यानंतर गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग. सगळं चांगलंच झालं. पण प्रत्येक वेळी किंमत वाढली आणि वाढलेल्या किमतीवर राज्याने आपला वाटा घेतला. विधिमंडळात दर न वाढवता कर वाढला. तुमची गाडी कमी धूर सोडते म्हणून तुम्ही जास्त कर भरला. त्याच रस्त्यावरून काळा धूर सोडत जाणाऱ्या बारा वर्षांच्या डिझेल गाडीला त्या वर्षी एक रुपयाही भरावा लागला नाही, कारण तिचा कर बारा वर्षांपूर्वीच भरून झाला होता.

त्यात आणखी एक पदर. हा कर शोरूमच्या किमतीवर लागतो आणि त्या किमतीत जीएसटी आधीच धरलेला असतो. म्हणजे केंद्राच्या करावर राज्याचा कर. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा राज्याचा करही थोडा उतरला. राज्याने काही केलं नव्हतं. वरचं भांडं रिकामं झालं म्हणून खालच्यात कमी पडलं, इतकंच.

आणि टप्पे. पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, त्यावर १३ टक्के. डिझेलला हेच १३, १४, १५. आयकरात टप्पा ओलांडला की वाढीव दर फक्त वरच्या रकमेवर लागतो. इथे सगळ्या किमतीवर लागतो. ९ लाख ९९ हजारांच्या गाडीला कर १,०९,८९०. १० लाख १ हजाराच्या गाडीला १,२०,१२०. किंमत दोन हजारांनी वाढली, कर दहा हजारांनी. आमच्याकडे असा कोड कुणी रिव्ह्यूला पाठवला तर परत येतो. हा मात्र वर्षानुवर्षं प्रॉडक्शनमध्ये चालू आहे.

ओरडतं कोण, त्यावर दर

२०१७ च्या जुलैमध्ये जीएसटी आला. जकात आणि एलबीटी गेले. राज्याने खड्डा भरायला मोटार वाहन कराचे दर दोन-दोन टक्क्यांनी वाढवले. दुचाकींना ८ ते १० टक्के होते, ते १० ते १२ झाले. पेट्रोल गाड्यांना ९ ते ११ होते, ते ११ ते १३ झाले. त्याच वेळी महागड्या गाड्यांसाठी २० लाखांची कमाल मर्यादा आली. कारण असं दिलं गेलं, की जास्त कर लावला तर हे लोक दुसऱ्या राज्यात नोंदणी करतात. खोटं नव्हतं. पाँडिचेरीच्या नंबरप्लेटच्या परदेशी गाड्या आपण मुंबईत पाहिल्याच आहेत.

यातला धडा लक्षात घ्या. ज्याला पळून जाता येतं त्याला सूट. स्कूटरवाला पाँडिचेरीला जाऊन नोंदणी करू शकत नाही, म्हणून त्याला वाढ.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा २० वरून ३० लाख झाली. सीएनजी गाड्यांचा कर एक टक्क्याने वाढला. आणि एक धाडसी प्रस्ताव आला: ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर. मला वाटलं, चला, कुणीतरी हिशोब मांडला. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत जाहीर केलं, की हा कर मागे घेतला जाईल. कारण पर्यावरण. सीएनजी वापरणाऱ्याची वाढ मात्र राहिली. सीएनजीवर कोण चालतं? पेट्रोल परवडत नाही म्हणून डिकीत टाकी बसवणारा मध्यमवर्गीय. शेजारच्या कर्नाटकने २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना १० टक्के कर लावला. तिथे काही इलेक्ट्रिक गाड्या विकायच्या थांबल्या नाहीत.

तीस लाखांच्या इलेक्ट्रिक गाडीला सूट देऊन हवा स्वच्छ होते, हे मला पटत नाही. ती गाडी घेणारा सूट नसतानाही ती घेतो. सूट द्यायचीच तर लाखाच्या स्कूटरला द्या, दहा लाखांच्या छोट्या गाडीला द्या. तिथे दोन-चार हजारांनी माणसाचा निर्णय बदलतो.

करावर व्याज

एकरकमी कराचा खरा भार ऑन-रोड किमतीत लपतो. आपल्यापैकी बहुतेक जण गाडी कर्जावर घेतात आणि कर्ज ऑन-रोड किमतीवर काढतात. म्हणजे कराचंही कर्ज.

८ लाखांच्या पेट्रोल गाडीला ८८ हजार कर. हे ८८ हजार पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी काढले, तर महिन्याला सुमारे १,८२७ रुपये, आणि एकूण व्याज साडेएकवीस हजारांच्या वर. हा पैसा सरकारला मिळत नाही. तो बँकेला मिळतो. दुचाकीच्या कर्जाचा दर तर याहून चढा असतो.

ज्याच्याकडे रोख आहे त्याला कर ८८ हजार. ज्याच्याकडे नाही त्याला सुमारे १ लाख १० हजार. गरिबाला तीच गोष्ट महाग पडते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

आम्हाला हप्ते, तुम्हाला एकरकमी

'वर्षाचा कर व्यवहार्य नाही, कोण वसूल करत बसणार?' हा नेहमीचा आक्षेप. याला माझं उत्तर सोपं आहे: हप्त्याने कर घेणं या देशात चालू आहे. फक्त ते आमच्यासारख्यांसाठी आहे.

सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिकेच्या नंबरप्लेट आल्या. केंद्र आणि राज्य सरकारी कर्मचारी, सैन्यदलातले लोक आणि ज्या खासगी कंपन्यांची चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं आहेत त्यांचे कर्मचारी, यांना ही प्लेट मिळू शकते. तिचा कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. चौदा वर्षांनंतर दर वर्षी, तोही निम्मा. राज्य बदललं तर पुन्हा नोंदणी नाही, परताव्यासाठी जुन्या आरटीओच्या चकरा नाहीत.

ही पात्रता वाचून बघा. कोण बसतं यात? मी बसतो. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांतले माझ्या वयाचे हजारो इंजिनिअर बसतात. ज्यांचा पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी न चुकता जमा होतो, ज्यांना ८८ हजार एकदम भरणं त्यातल्या त्यात सोपं आहे, तेच लोक.

कोण बसत नाही? स्वतःचं दुकान असलेला. छोट्या कारखान्यातला फिटर. खासगी क्लासमध्ये शिकवणारी शिक्षिका. शेतकरी. एकाच शहरात काम करणारी नर्स. कोल्हापुरातून बेळगावला किंवा सिंधुदुर्गातून गोव्याला कामासाठी राहायला गेलेला मुलगा, ज्याने बारा महिन्यांत आपली गाडी नव्या राज्यात नोंदवायची, तिथला कर भरायचा आणि जुन्या राज्याकडे परतावा मागत बसायचं.

दोन वर्षांचा कर मोजणारं, ऑनलाइन भरून घेणारं, उशीर झाला तर दंड लावणारं सॉफ्टवेअर तयार आहे. त्याचे दार उघडायला नकार देताय, एवढंच.

आजच खाल्लेलं उद्याचं

सरकारला एकरकमी कर का आवडतो? कारण आज विकलेल्या गाडीचे २०४० पर्यंतचे पैसे आजच हातात येतात. आजचं सरकार पुढच्या तीन सरकारांचं उत्पन्न खर्च करून मोकळं होतं.

याहून वाईट परिणाम वेगळाच आहे. सरकारचं उत्पन्न रस्त्यावर गाड्या किती आहेत यावर न ठरता यंदा नव्या किती विकल्या यावर ठरतं. नव्या गाड्या विकल्या गेल्या की तिजोरी भरते. मग बस चांगली करण्यात सरकारला कसलं स्वारस्य? ज्या दिवशी पुण्यात दर पाच मिनिटाला बस येईल, त्या दिवशी स्कूटरची विक्री पडेल आणि हे ११ हजारही बुडतील.

आणि बसचा कर? एसटीच्या भाड्यावर १७.५ टक्के प्रवासी कर आहे. वाड्यावस्त्यांवरून तालुक्याला जाणारी म्हातारी तिकीट काढते, त्यातही तो आला. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. त्याच्या तीन महिने आधी, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला होता. एकाच राज्यात, शंभर दिवसांच्या अंतराने, गाडीवाल्याला माफी आणि बसवाल्याला भाडेवाढ. बसच्या प्रवाशाला साडेसतरा टक्के कर आणि बत्तीस लाखांच्या एसयूव्हीला शून्य. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. धोरण हा शब्द मला सुचत नाही.

मग कर कसा असावा?

नुसतं ओरडून भागत नाही, म्हणून एक आराखडा मांडतो. आकडे खालीवर करता येतील, आकार बघा.

१२५ सीसीपर्यंतच्या दुचाकीला वर्षाला ३०० रुपये.

चारचाकीला रिकाम्या वजनावर कर. हे वजन आरसीवर छापलेलंच असतं. पहिल्या हजार किलोंना किलोमागे ४ रुपये, पुढच्या ५०० किलोंना ८ रुपये, त्यावर १६ रुपये. वाढीव दर फक्त वरच्या वजनाला.

वीस लाखांहून महाग गाडीला, वीस लाखांवरच्या रकमेच्या एक टक्का, दर वर्षी. कमाल मर्यादा नाही.

पेट्रोल, डिझेल, सीएनजी, इलेक्ट्रिक, सगळ्यांना हाच नियम. इलेक्ट्रिकला सवलत द्यायची तर पहिल्या हजार किलोंवर द्या.

आता हिशोब. ९०० किलोंची ८ लाखांची छोटी गाडी: वर्षाला ३,६००, पंधरा वर्षांत ५४ हजार. आज ८८ हजार, व्याज वेगळं. दोन टनांची २५ लाखांची डिझेल एसयूव्ही: वजनाचे १६ हजार आणि किमतीचे ५ हजार, वर्षाला २१ हजार, पंधरा वर्षांत ३ लाख १५ हजार. आज पावणेचार लाख. २,१०० किलोंची बत्तीस लाखांची इलेक्ट्रिक: वर्षाला २९,६००. आज शून्य. चार कोटींची गाडी: नुसत्या किमतीचे वर्षाला ३ लाख ८० हजार, पंधरा वर्षांत ५७ लाख. आज ३०.

पाँडिचेरीला पळण्याचं काय? पळून जायला कारण लागतं. एकदम ८० लाख वाचत असतील तर माणूस पळतो. वर्षाला ३ लाख ८० हजारांसाठी, तेही ज्याला तेवढे वर्षभराच्या पॉलिशला लागतात, दुसऱ्या राज्यात खोटा पत्ता कोण दाखवेल? दाखवलाच तर ई-चलनाचे कॅमेरे आहेत. एकच बाहेरची नंबरप्लेट बारा महिन्यांहून जास्त काळ इथल्या सिग्नलवर दिसत असेल, तर ती शोधणं ही फार अवघड क्वेरी नाही.

आक्षेप, आणि त्यांतले खरे

पहिला: वर्षाचा कर दर वर्षी वाढेल. होय, वाढेल. ब्रिटनमध्ये वर्षाचा कर आहे. २०१७ मध्ये नव्या पद्धतीत गाडीचा नेहमीचा दर १४० पौंड होता, २०२५ मध्ये १९५ झाला. एप्रिल २०२५ पासून इलेक्ट्रिक गाड्यांनाही तो लागू झाला. तिथे लोक यावर कुरकुरतात, भांडतात, खासदारांना धारेवर धरतात. मला हेच हवंय. वाढ सगळ्यांना एकाच दिवशी लागते, म्हणून सगळे एकाच दिवशी चिडतात. आपल्याकडे २०१७ ची दोन टक्के वाढ फक्त त्यानंतर गाडी घेणाऱ्यांना लागली. ज्यांच्याकडे गाडी होती त्यांना काय त्याचं? नवा ग्राहक शोरूममध्ये एकटा असतो आणि पेढे घेऊन आलेला असतो. त्याच्या हातून काहीही भरून घेता येतं.

ब्रिटनची नक्कल मात्र नको. तिथे २०२५ मध्ये तोच १९५ पौंडांचा कर मासिक हप्त्याने भरला तर ५ टक्के जास्त, २०४.७५ पौंड पडत होते. मध्येच गाडी विकली तर परतावा फक्त पूर्ण महिन्यांचा. विकणाऱ्याचा तो महिना जातो आणि घेणाऱ्यालाही त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून भरावा लागतो. एका गाडीचा एका महिन्याचा कर सरकार दोनदा घेतं. आपण करू तेव्हा मासिक यूपीआय हप्त्याला जादा पैसे नकोत आणि हिशोब दिवसाचा हवा.

दुसरा: दर वर्षी आरटीओत कोण जाणार? कुणीच नाही. विमा आपण दर वर्षी भरतो, पीयूसी काढतो, मोबाइलचं रिचार्ज तर महिन्याला करतो. विम्याबरोबरच कर भरून घ्या. संपलं.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. आज जुनी गाडी घेणाऱ्याला कर भरावा लागत नाही, कारण पहिल्या मालकाने भरलेला असतो. वर्षाचा कर आला तर दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही भरावा लागेल आणि जुन्या गाड्या घेणारे श्रीमंत नसतात. पण आजही तो फुकट सुटत नाही. पहिल्या मालकाने भरलेला कर जुन्या गाडीच्या किमतीत उतरतो. पंधरा वर्षं झाली की पर्यावरण कर असतो. वीस वर्षांवरच्या गाडीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजारांवर नेलं. मी म्हणतोय तो कर वर्षाला ३,६००, म्हणजे दिवसाला दहा रुपये. स्कूटरला दिवसाला एक रुपयाही नाही.

चौथा आक्षेप अर्थखात्याचा: पहिली काही वर्षं तिजोरीत खड्डा पडेल. पडेल. ज्यांनी एकरकमी भरला आहे त्यांच्याकडून पुन्हा घेता येणार नाही, घेऊही नये. म्हणून टप्प्याटप्प्याने करा. पहिल्या वर्षी फक्त १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकी. त्याच वर्षी कमाल मर्यादा काढा आणि महाग इलेक्ट्रिक गाड्यांवर कर लावा. दुसऱ्या वर्षी दहा लाखांपर्यंतच्या गाड्या. खड्डा पडतो तो आधीच्यांनी पुढचं खाल्लं म्हणून. तो भरायचा दिवस जितका पुढे ढकलाल तितका तो खोल होईल.

पुढच्या वेळी शोरूममध्ये बसाल तेव्हा ऑन-रोड किमतीचा कागद मागा आणि कराच्या ओळीखाली पेनाने रेघ मारा. ती रक्कम पंधराने भागा. मग तुमच्या आमदाराला विचारा, हे मला वर्षाला का भरता येत नाही, आणि चार कोटींच्या गाडीला माझ्यापेक्षा कमी टक्के का. अर्थसंकल्प दर वर्षी मार्चमध्ये येतो. त्याआधी सीएनजीवाला विचारायला गेला नव्हता, तीस लाखांच्या इलेक्ट्रिकवाल्याच्या बाजूने मात्र कुणीतरी बोललं होतं. दोघांच्या कराचं पुढे काय झालं, ते आपण पाहिलंय.